कार्डावरून घेतलेला रंग

टेबलावर आठ वस्तू होत्या. चहाचे दोन कप धरले तर दहा. बंद पडलेला जुना कॉम्प्युटर, त्यातून काढलेल्या दोन हार्ड डिस्क, नवा कॉम्प्युटर, जुन्या सॉफ्टवेअरचा पुठ्ठ्याचा डबा, त्या डब्यातली सीडी, ग्रे कार्ड आणि अप्पांचा चष्मा.

"पुन्हा टाक," अप्पा म्हणाले.

डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला चोवीस अक्षरांचा नंबर मी तिसऱ्यांदा टाइप केला. तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं. नंबर तपासणारा सर्व्हर सापडत नाही.

"म्हणजे काय?"

"म्हणजे कंपनीनं तो बंद केलाय. सॉफ्टवेअर तुमचं आहे, नंबर तुमचा आहे, पण तो खरा आहे असं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही."

"मी पुण्याला जाऊन रोख पैसे मोजून आणलंय ते. पावती आहे."

"पावती कुणाला दाखवणार, अप्पा?"

त्यांनी चष्मा उचलला, पुसला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. २ मे २०१७, मंगळवार. फलटणच्या बाजारपेठेत एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात 'मुळीक फोटो' हा आमचा स्टुडिओ होता. दोन लग्नांचे मिळून एकोणीसशे फोटो त्या हार्ड डिस्कमध्ये अडकले होते आणि दोन्ही घरांतून रोज फोन येत होते. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून नुकतीच घरी आले होते. पीएच.डी.चं ऑगस्टमध्ये ठरायचं होतं. तोवर स्टुडिओची घडी बसवून द्यायची, असं मी ठरवलं होतं. अप्पांनी ते ठरवलं नव्हतं, पण नाहीही म्हणाले नव्हते.

निवडायचं होतं दोन नव्या सॉफ्टवेअरमधलं एक. मी त्यांना अ आणि ब अशी नावं दिली. अ भाड्याचं होतं, महिन्याला आठशे पन्नास. भरत राहिलात तर रोज नवं, थांबलात तर बंद. ब एकदाच विकत घ्यायचं, अठरा हजार सातशे. दोन्ही पहिले तीस दिवस फुकट वापरता येत होती. म्हणजे ३१ मेपर्यंत.

"बाविसाव्या महिन्यात दोन्हींची किंमत सारखी होते," मी वहीत रेघ मारून दाखवली. "त्याच्या आत अ स्वस्त, पुढे ब."

"मग प्रश्न काय आहे? मला अजून वीस वर्षं बसायचंय इथं."

"पण विकत घेतलेलंही मरतं, हे आत्ताच बघितलंत ना?"

"अकरा वर्षं चाललं, तृपा. अकरा वर्षांत एकदाही त्यानं मला पैसे मागितले नाहीत." ते उजवा हात खाजवत होते. "जागेचं भाडं भरतोय, लाइटचं बिल भरतोय. आता बोटांचंही भाडं भरू?"

"भावनेवर ठरवायचं नाही. दोन्हींवर तोच फोटो, तीच दुरुस्ती, तोच कागद. तुम्ही डोळ्यांनी ठरवा. कुठला अ, कुठला ब, ते मी सांगणार नाही."

अप्पांना हे एकदम आवडलं. "परीक्षा घेणार म्हणजे माझी!" ते म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

*

अप्पांच्या कामात एक नियम होता. कुणाचाही फोटो काढताना पहिल्या फोटोत त्या माणसाच्या हातात ग्रे कार्ड द्यायचं. तळहाताएवढा करडा पुठ्ठा. प्रकाश कसाही असला, ट्यूबचा, बल्बचा, उन्हाचा, तरी ते कार्ड चित्रात करडं दिसेल इतका रंग हलवायचा, की बाकी सगळे रंग आपोआप जागेवर येतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ड्रॉपर असतो. तो चित्रात जिथे टेकवाल तिथले लाल, हिरव्या आणि निळ्याचे आकडे दिसतात. तिन्ही आकडे सारखे आले की तो करडा. क्लिक केलं की सॉफ्टवेअर त्या जागेला करडं मानतं आणि सगळं चित्र त्याप्रमाणे हलवतं.

कार्ड एकोणीस वर्षांचं होतं. ते प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट खणात आणि खणाला कुलूप असायचं. एका कोपऱ्यात अप्पांच्या अंगठ्याचा पुसट डाग होता. लहानपणी मी ते पंखा म्हणून वापरलं होतं, तेव्हा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा मार खाल्ला होता.

त्याच आठवड्यात जिंतीहून रणवरेबाई लग्नाच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी सावळी, ठसठशीत, कार्ड छातीशी धरून सरळ बसलेली. फोटो पडद्यावर आला तशा बाई पुढे झुकल्या.

"अप्पा, जरा उजळ करा की पोरीला. पाव्हणं परगावचं हायती."

"किती उजळ?"

"तुमच्या हिशेबानं. चमचाभर."

"आणि पाव्हणे घरी आल्यावर?"

"तवाचं तवा बघू."

"म्हणजे फोटो पसंत पडणार आणि पोरगी नापसंत होणार. मग असं करा, फोटोचंच लग्न लावा. मी आहेर घेऊन येतो."

मुलगी कार्डामागे तोंड लपवून हसली.

"तुमचं आपलं कायतरीच," बाई म्हणाल्या. "बारामतीत देत्यात करून."

"देत्यात ना? साडेअकराची एसटी आहे."

बाई गेल्या नाहीत. बसूनच राहिल्या, फोटो घेतला आणि जाताना मलाच म्हणाल्या, "तुझा बाप लई हेकट हाय." पायऱ्या चढून त्या दिसेनाशा झाल्यावर अप्पा म्हणाले, "कार्ड सांगेल तो रंग, तृपा. तिच्या आईच्या मनातला नाही आणि आपल्याही नाही."

मी मान हलवली. मला ते प्रयोगशाळेतल्यासारखंच वाटलं होतं. उपकरणाचं शून्य आधी तपासायचं, मग मोजायचं.

*

परीक्षेच्या फोटोत केस हवेत, कातडी हवी, कापड हवं. ११ मेला मी अप्पांनाच स्टुलावर बसवलं.

"फोटोवाल्याचा फोटो काढत नसतात," ते म्हणाले.

"कुठं लिहिलंय?"

"कुठं नाही. वेळच येत नाही." त्यांनी कार्ड छातीशी धरलं. "कैद्यासारखी पाटी धरून बसलोय. नंबर लिही वर."

"चष्मा काढा. काचेत लाइट येतोय."

त्यांचा चष्मा उन्हात काळा होणारा होता. सकाळी स्कूटरवर मी त्यांच्या मागे बसायचे, दुपारभर आम्ही तळघरात, रात्री घरी पिवळ्या दिव्यात जेवायचो. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा इतक्या चांगल्या प्रकाशात मी कितीतरी महिन्यांनी बघत होते. पण मी कॅमेऱ्यातून बघत होते आणि फोकस बघत होते.

शर्ट बदामी रंगाचा होता. कॉलर आणि गळा यांच्यात दोन बोटं सहज गेली असती. डायबेटिस निघाल्यापासून त्यांनी साखर सोडली होती, त्यामुळे उतरले असतील, असं मी धरलं. हात खाजवत होते. मे महिना होता. मी चौदा फोटो काढले. पहिल्यात कार्ड, बाकी तेरांत नाही. नववा चांगला आला.

संध्याकाळी मी अ उघडलं, ड्रॉपर कार्डावर टेकवला, क्लिक केलं. तेच माप नवव्या फोटोला लावलं. अप्पांचा चेहरा पिवळा आला.

ब उघडलं. तसंच केलं. तितकाच पिवळा.

मी वहीत लिहिलं, आणि ते पान अजून माझ्याकडे आहे: 'दोन्हींत सारखंच. म्हणून दोष सॉफ्टवेअरचा नाही. मॉनिटर कालच तपासला, तोही नाही. फ्लॅश नवा. उरतं कार्ड. १९ वर्षं जुनं. पिवळं पडलं असावं.'

त्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. उत्तर निघालं की आम्ही मारतो तशा.

चित्रात पांढरं असायला हवं असं दुसरं काय होतं? शर्ट बदामी, केस करडे, तोंड मिटलेलं. डोळ्यांचं पांढरं होतं. मी चित्र मोठं केलं, ड्रॉपर डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यावर टेकवला आणि क्लिक केलं. चेहरा एकदम निवळला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता आई डबा घेऊन आली. मी तिला दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. मला कौतुक हवं होतं.

"हे असे पिवळे का दिसतायत?" आईनं डाव्या चित्राकडे बोट केलं.

"आई, तो व्हाइट बॅलन्स आहे. प्रकाशाचा रंग. डोळा तो आपोआप दुरुस्त करतो, कॅमेऱ्याला सांगावा लागतो. हे उजवीकडचं बघ, दुरुस्त केलेलं."

ती बघत राहिली. "हां. हे आपले वाटतायत." मग म्हणाली, "पण शर्टाचा रंग गेला की गं. बदामी होता ना? मीच घेतलेला."

शर्ट पांढरा झाला होता. मागचा पडदाही निळसर झाला होता. मी ब्रश घेतला, शर्ट आणि पडदा तेवढे निवडले आणि त्यांचे रंग पूर्ववत केले. चेहरा तसाच ठेवला.

"आता?"

"आता झक्कास," आई म्हणाली आणि डब्याचं झाकण काढलं.

*

२४ मेला तीच दुरुस्ती दोन्हींत करून मी दोन प्रिंट काढल्या. एकाच मापाच्या, एकाच कागदावर. मागे पेन्सिलीनं बारीक अ आणि ब. अप्पांनी आधी हात धुतले, मग चष्मा चढवला, दोन्ही प्रिंट ट्यूबखाली नेल्या आणि बराच वेळ बघत राहिले. एरवी ते असं बघताना शीळ घालायचे. त्या दिवशी घातली नाही.

"ही," त्यांनी उजवी प्रिंट वर केली. "केस बघ. एक एक वेगळा दिसतोय. तिच्यात गिचमिड झालीय."

मी मागं बघितलं. ब होती.

"विकतचं?" त्यांनी विचारलं.

"विकतचं."

"बघ! म्हातारा चुकला नाही." पण ते तितके हसले नाहीत. प्रिंट अजून हातात होती. ती त्यांनी डोळ्यांच्या आणखी जवळ नेली.

"रंग कुठून घेतलास? कार्डावरून?"

त्यांचं कार्ड बाद झालंय, हे मला सांगायचं नव्हतं. निदान त्या दिवशी नाही. नवं कार्ड मागवायचं, हळूच बदलायचं आणि मग कधीतरी सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पुण्याच्या दुकानाला फोनही केला होता.

"हो," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो, अप्पा. पहिल्या फोटोत कार्ड होतं ना."

त्यांनी प्रिंट खाली ठेवली. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "मला आपलं आरशात उगाचच..." आणि वाक्य तिथंच सोडून त्यांनी रणवरेबाईंच्या कॉपी काढायला घेतल्या.

३१ मेला आम्ही ब विकत घेतलं. बँकेच्या कार्डाचा नंबर, फोनवर आलेला ओटीपी, सगळं अप्पांनी स्वतः टाइप केलं, एका बोटानं. पैसे गेल्याचा मेसेज आल्यावर त्यांनी नव्या सॉफ्टवेअरचा नंबर कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिला आणि तो कागद जुन्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवला. "डबा देत नाहीत म्हणजे काय," ते पुटपुटले. "वस्तू घेतली तर डबा नको?"

"अप्पा, आता बावीस महिने वापरायचं. त्याच्या आत सोडलंत तर तुमचा तोटा."

"बघच तू," ते म्हणाले. "तोटा कुणाचा होतो ते."

*

१८ जूनला दहिवडीला मावशीच्या नातवाचं बारसं होतं. अप्पा ओसरीवर सतरंजीवर बसले होते, मांडीवर कुणाचं तरी वर्षाचं पोर. पोरानं त्यांचा चष्मा ओढून काढला. सगळे हसले. मावशीची थोरली सून पूनम पाण्याचे ग्लास घेऊन येत होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती ग्लास हातात तसेच धरून थांबली.

"अप्पा," ती म्हणाली, "जरा इकडं बघा बरं. वर बघा."

तिनं ट्रे खाली ठेवला आणि अंगठ्यानं त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. मग आईकडे वळून अगदी सहज आवाजात विचारलं, "काकू, कधीपासून हो?"

पुण्यातल्या डॉक्टरांनीही तेच विचारलं. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती, तिनं पित्ताची नळी दाबली होती आणि शेजारच्या मोठ्या शिरेला वेढा घातला होता. डॉक्टरांनी कागदावर पेननं चित्र काढून दाखवलं. चित्र चांगलं होतं.

"पिवळेपणा पहिल्यांदा कधी लक्षात आला?"

"आठ-दहा दिवस झाले असतील," आई म्हणाली. "ह्यांचा चष्मा काळा. कळलंच नाही हो."

डॉक्टर लिहून घेत होते. मी आईच्या उजव्या बाजूला बसले होते. मला तारीख माहीत होती. मी मांडीवरची फाइल बंद केली.

"महिनाभर आधी आलो असतो तर ऑपरेशन झालं असतं का?" आईनं विचारलं.

"कधी कधी होतं. कधी तेव्हाही उशीर झालेला असतो. ह्यांच्या बाबतीत आता सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर मी फाइलच्या पाठीमागे गणित मांडलं. कार्ड पिवळं पडलंय असं धरू. ड्रॉपर त्यावर टेकवला की सॉफ्टवेअर त्या पिवळ्याला करडं मानणार. म्हणजे सगळ्या चित्रातून पिवळा वजा होणार. म्हणजे चेहरा निळसर यायला हवा. माझ्यासमोर तो पिवळा आला होता. चिन्ह उलटं होतं. हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं गणित आहे, कागदसुद्धा लागत नाही. मी ते ११ मेला केलं नव्हतं. तेव्हा मी दोन रेघा मारल्या होत्या.

आत अप्पा आईला विचारत होते, "तृपा कुठंय? तिला म्हणावं भोसल्यांचा अल्बम शनिवारी द्यायचाय."

ऑगस्टमध्ये पीएच.डी.चं पत्र आलं. मी गेले नाही. सप्टेंबरात अप्पा घरीच असायचे. एकदा मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "अप्पा, तो फोटो. मी रंग कार्डावरून घेतला नव्हता."

ते डोळे मिटून पडले होते. झोपले होते की नाही, मला सांगता येणार नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "कार्ड जागेवर ठेवलंस ना?"

"हो."

"कुलूप?"

"लावलंय."

३ नोव्हेंबरला ते गेले. वेगळा फोटो शोधावा लागला नाही. ब ची प्रिंट मोठी करून, फ्रेम करून हार घातला. दहाव्याला रणवरेबाई आल्या होत्या, जावयाला घेऊन. त्या फोटोपुढं हात जोडून उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "कसं तजेलदार दिसत्यात बघा. बघून वाटतंय का आजारी माणूस हाय म्हणून?"

"नाही ना," आई म्हणाली.

*

गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली आणि फ्रेमच्या आत खालून डाग चढला. आई म्हणाली, "नवी प्रिंट काढ. शर्ट बदामीच येईल ना?"

"येईल."

स्टुडिओ आता वर, रस्त्यावर आहे. मी चालवते. रोजचं काम भाड्याच्या सॉफ्टवेअरवर होतं, ते भाडं महिन्याच्या पाच तारखेला आपोआप कापलं जातं. जुना कॉम्प्युटर, म्हणजे तेव्हाचा नवा, मागच्या खोलीत कापड टाकून ठेवलाय. मी कापड काढलं, सुरू केला. ब उघडलं. त्यानं नंबर विचारला नाही, पैसे मागितले नाहीत. यादीत ११ मे २०१७ चे चौदा फोटो होते. नवव्याच्या शेजारी मी केलेल्या दुरुस्त्या ओळीनं लिहिलेल्या होत्या: रंगमाप, शर्ट, पडदा.

मी पहिला फोटो उघडला. त्यात ते कार्ड छातीशी धरून बसले आहेत. कैद्यासारखे, चष्म्याशिवाय, माझ्याकडे बघत. त्याला कुठलीही दुरुस्ती नव्हती.

खणातून कार्ड काढलं आणि ज्या नव्या कार्डासाठी मी तेव्हा पुण्याला फोन केला होता, त्याच्या शेजारी खिडकीतल्या उजेडात ठेवलं. दोन्हींचा एक फोटो घेतला आणि मोजला. जुनं आणि नवं यांच्यात कुठल्याही रंगात एका आकड्यापेक्षा जास्त फरक आला नाही.

मग अप्पांच्या फोटोत ड्रॉपर कार्डावर टेकवला, अंगठ्याचा डाग सोडून. क्लिक केलं. लाल ११८, हिरवा ११८, निळा ११८.

डाव्या डोळ्याचं पांढरं: लाल २१४, हिरवा १९६, निळा १३१.